मुंग्यांचं ॲक्रिलिक घर आठ महिने वापरून: घर चांगलं, पण सोबतच्या खाण्यावर विसंबू नका

पाचपैकी साडेतीन स्टार. घराला पूर्ण मार्क आहेत, जे दीड स्टार कापलेत ते सगळे जेवणाच्या भागासाठी. बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलंय की सोबतची जेली म्हणजे 'संपूर्ण आहार', बाकी काही द्यायची गरज नाही. हे चूक आहे. मी दोन महिने त्यावर विश्वास ठेवला आणि त्यात आमच्या मुंग्यांच्या कॉलनीचे (म्हणजे राणी आणि तिच्या कामकरी मुंग्यांच्या कुटुंबाचे) दोन महिने वाया गेले, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. हे किट घेणारे बरेचसे लोक माझ्यासारखेच पहिल्यांदा मुंग्या पाळणारे असणार आणि त्यांनाही नेमकं हेच वाक्य वाचून हायसं वाटणार.

आधी किटमध्ये काय येतं ते. एक पारदर्शक ॲक्रिलिकचं घरटं, आत सहा खोल्या आणि त्यांना जोडणारे बोळ, वरून लाल रंगाची काढता येणारी शीट (मुंग्यांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यामुळे त्यांना अंधार वाटतो आणि आपल्याला आतलं दिसतं), घरट्याला नळीने जोडलेला एक मोकळा डबा म्हणजे त्यांचं अंगण, तीन खळग्यांची छोटी ताटली, एक उलटं ठेवायचं लिक्विड फीडर, जेलीची दहा पाकिटं, थोडी वाळू आणि आठ पानांची माहितीपुस्तिका. मुंग्या येत नाहीत, त्या आपण आणायच्या. हे मला तरी योग्यच वाटलं, नाहीतर राणीशिवाय नुसत्या कामकरी मुंग्या भरून पाठवतात आणि त्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपतात, पुढची पिढीच नसते.

आमच्याकडे मुंगळे आहेत, काळे, मोठे, कॅम्पोनोटस नावाच्या गटातले. पावसानंतर पंख गळालेली एक राणी माझ्या मुलाला सापडली होती, ती आम्ही पाणी आणि कापूस घातलेल्या टेस्ट ट्यूबमध्ये अंधारात ठेवली, आणि पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येईपर्यंत तिने काहीही खाल्लं नाही. हे मला तेव्हा फार क्रूर वाटलं होतं, मी मध चाटवायला निघाले होते. पण या राण्यांचं असंच असतं, उडण्यासाठी जे दांडगे स्नायू असतात ते आता लागणार नसतात, तर तेच शरीरात विरघळवून त्यावर ती पहिल्या अळ्या वाढवते. म्हणून पहिल्या मुंग्या चणीने अगदी बारीक असतात, तेवढ्याच शिदोरीत झालेल्या. चौदा मुंग्या झाल्यावर हे किट मागवलं.

घराबद्दल पटकन सांगते कारण तिथे तक्रार नाही. ॲक्रिलिक स्वच्छ आहे, ओरखडे आले नाहीत, ओलावा ठेवायला स्पंजची जागा आहे तिथे आठवड्याला थोडं पाणी घालायचं, आणि दोन खोल्या ओल्या आणि बाकीच्या कोरड्या राहतात हे खूप छान जमवलंय, मुंग्या स्वतःच अंडी ओल्या खोलीत आणि कोष कोरड्यात हलवतात. नळीचा जोड घट्ट आहे. डब्याचं झाकण चुंबकाचं आहे, जाळी बारीक आहे, आठ महिन्यांत एकही मुंगी पळाली नाही.

आता जेवण.

पहिल्या दिवशी जेली ठेवली तर पाच-सात मिनिटांत एक मुंगी आली, मिश्यांनी चाचपलं आणि मग जी चाटायला लागली ती बराच वेळ हललीच नाही. मी मोबाइलला लेन्स लावून बघत होते. मुंगी खाते म्हणजे चावून गिळते असं मला वाटायचं, तसं नाहीये. मोठी झालेली मुंगी घट्ट काही गिळूच शकत नाही. तिची कंबर बघा ना, केसाएवढी, त्यातून अन्ननलिका जाणार, त्यात तुकडा अडकला तर संपलंच. जबडे कापायला, उचलायला, भांडायला. खाणं सगळं चाटून, पातळ. तोंडातच एक छोटा कप्पा असतो, तिथे बारीक कण गाळले जातात आणि त्यांची गोळी करून मुंगी ती बाहेर टाकून देते. आमच्या डब्याच्या एका कोपऱ्यात अशा खसखशीपेक्षा लहान करड्या गोळ्यांचा ढीग असतो, सुरुवातीला मी ती विष्ठा समजून पुसत होते.

पोट भरताना तर डोळ्यांसमोर दिसतं. मुंगळ्याचं पोट काळ्या पट्ट्यांचं असतं, पट्टे एकमेकांवर थोडे चढलेले, आणि ती पीत जाते तसे पट्टे एकमेकांपासून सरकतात आणि मधली फिकट, चकचकीत त्वचा दिसायला लागते. काळी मुंगी आली आणि पट्ट्यापट्ट्याची होऊन परत गेली. फिकट रंगाच्या मुंग्यांना रंगीत साखरपाणी दिलं तर रंगच पोटातून दिसतो, पण काळ्यांमध्ये हे पट्टे बघायचे, ज्या मुंगीचे पट्टे लांब गेलेत ती भरलेली.

आणि हे भरलेलं पोट तिचं एकटीचं नसतंच. आत गेल्यावर दुसरी मुंगी येते, मिश्यांनी तिच्या डोक्यावर टपटप करते, मग दोघी तोंडाला तोंड लावतात आणि मधे एक थेंब चमकतो. मुलाने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाला "आई, ती उलटी करतेय का?" एका अर्थी हो. पुढचं पोट हे साठवणीचं, त्यातलं पचत नाही, त्यातून सगळ्यांना वाटायचं, आणि मागे एक झडप असते ती उघडली तरच थोडं स्वतःच्या पचनाच्या पोटात जातं. त्याला सोशल स्टमक म्हणतात. म्हणजे बाहेर येऊन खाणाऱ्या चार-पाच मुंग्याच असल्या तरी अख्खी कॉलनी जेवत असते, राणी तर बाहेर येतच नाही. त्यामुळे "दोनच मुंग्या खातायत, बाकीच्या उपाशी आहेत" अशी काळजी करू नका, मी केली होती.

या थेंबात नुसतं अन्नही नसतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कॅम्पोनोटसच्याच एका जातीत असं दिसलं की एकमेकींना भरवलेल्या या द्रवात प्रथिनं, हॉर्मोन, बारीक आरएनए असं सगळं असतं आणि त्यातलं हॉर्मोन अळ्यांच्या वाढीवर परिणाम करतं. म्हणजे भरवता भरवता त्या पुढची मुंगी कशी वाढावी हे पण ठरवत असतात. मला हे वाचून खूप भारी वाटलं, दुसऱ्या दिवशी तेच दृश्य वेगळ्याच नजरेने बघितलं.

तर जेली त्यांना आवडली, त्यात शंकाच नाही. गोड आहे, चिकट आहे पण बुडण्याइतकी पातळ नाही. दोन आठवडे मी निर्धास्त होते. राणीने अंडी घातली, अळ्या निघाल्या, आणि तिथेच सगळं थांबलं. अळ्या तांदळाच्या कणीएवढ्या झाल्या आणि तेवढ्याच राहिल्या. तिसरा आठवडा, चौथा आठवडा, पाचवा. अंड्यांचा पुंजका कधी मोठा दिसायचा कधी अर्धा. मग एके रात्री लाल शीटमधून बघितलं तर एक कामकरी मुंगी अंडं जबड्यात धरून चाटत होती, मला वाटलं साफ करतेय, सकाळी ते अंडं नव्हतं. त्या आपलीच अंडी खात होत्या.

मी विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं की जेली संपूर्ण आहारच आहे, तापमान तपासा. तापमान ठीकच होतं. मग मी पाकिटावरचं बारीक अक्षरातलं वाचलं, साखर, पाणी, घट्ट करणारा पदार्थ, थोडी जीवनसत्त्वं. प्रथिनं जवळजवळ नाहीतच.

मुंग्यांच्या आहाराचा पायाच इथे आहे आणि पुस्तिकेत यावर एक ओळ नाही. मोठी मुंगी वाढत नाही, तिला फक्त धावपळीसाठी इंधन लागतं, म्हणजे साखर. वाढतात त्या अळ्या, त्यांना शरीर बांधायचं असतं, आणि राणीला अंडी बनवायची असतात, त्यांना लागतात प्रथिनं. नुसत्या साखरेवर कामकरी मुंग्या टुणटुणीत दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं छान चाललंय, आणि आत पुढची पिढी अडकून पडलेली असते. कॉलनीत प्रथिनं कमी पडली की अंडी आणि लहान अळ्या खाऊन ती परत वापरात आणणं हे मुंग्यांमध्ये नेहमीचंच आहे. क्रौर्य वगैरे नाही, साठा मोडून खाणं आहे ते.

मुंगळ्यांना तर थोडी सूटही असते. त्यांच्या आतड्याच्या पेशींमध्ये ब्लॉकमॅनिया नावाचे जिवाणू राहतात आणि ते आवश्यक अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, बनवून देतात, म्हणून गोड रसावर जास्त जगणाऱ्या या मुंग्यांना बाकीच्यांपेक्षा जरा निभावून नेता येतं. तरीसुद्धा आमच्या अळ्या अडल्या. दुसरी एखादी शिकारी जात असती तर काय झालं असतं याचा विचार करा.

मग मी एक छोटा रातकिडा आणला, पाळीव सरड्यांच्या खाण्यासाठी जे वाढवून विकतात त्यातला. घरात मेलेले किडे कधीच देऊ नका, त्यांच्यावर फवारणीचं औषध असू शकतं आणि ते एका मुंगीतून सगळ्या कॉलनीत वाटलं जाईल. मुंग्या मारायची जी औषधी जेल असते तिचं कामच याच वाटपावर चालतं, त्यात गोडाबरोबर बोरिक ॲसिडसारखं सावकाश मारणारं औषध अगदी कमी प्रमाणात घालतात, म्हणजे खाणारी मुंगी लगेच न मरता घरी जाऊन सगळ्यांना भरवेल. तर किडा मी आधी फ्रीझरमध्ये ठेवला, मग उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवला, कारण त्याच्यावर बारीक माइट असतात त्या घरट्यात गेल्या तर फार त्रास. मग कापून राणीच्या डोक्याएवढा तुकडा ताटलीत ठेवला.

त्या दिवशी जे बघितलं ते जेलीच्या वेळी कधी बघितलं नव्हतं. पहिली मुंगी आली, तुकड्याला हात लावल्यासारखं केलं आणि थांबलीच नाही, तशीच मागे फिरली, पोटाचं टोक जमिनीला टेकवत टेकवत नळीकडे गेली. वास सोडत जाते ती, वाट आखत. आत जाऊन दुसरीच्या समोर उभी राहून अंगाला झटके दिले, आणि दीड मिनिटात सहा मुंग्या एका मागे एक बाहेर. चौदापैकी सहा! तुकडा ओढत नळीपर्यंत नेला, तिथे अडकला, मग त्यांनी तो फिरवून फिरवून उभा केला आणि आत घेतला. मुलगा शाळेचा गणवेश घालून तिथेच बसला होता, त्याला उठवणं अशक्य झालं.

चार दिवसांत अळ्या फुगल्या. खरंच चार दिवसांत. आधी सगळ्या पांढुरक्या, आता प्रत्येकीच्या पोटातून गडद डाग दिसायला लागला, तो खाल्लेल्या अन्नाचा. दहा-बारा दिवसांत दोन अळ्यांना मुंग्यांनी वाळूचे कण आणून आणून झाकलं, मला वाटलं पुरतायत, पण अळीला कोष विणायला धागा अडकवण्यासाठी आधार लागतो म्हणून त्या असं करतात, आणि दुसऱ्या दिवशी वाळू उपसून काढली तर आत फिकट तपकिरी कोष. कोषाच्या एका टोकाला काळा ठिपका दिसला तर घाबरू नका, अळी कोषात गेल्यावर आयुष्यातली साठलेली घाण एकदाच बाहेर टाकते, तो ठिपका म्हणजे ती. किटमधली वाळू ही सजावटीची नाही, ती घालाच. पुस्तिकेत 'आवडीनुसार' लिहिलंय.

सगळ्याच मुंग्यांच्या अळ्या मुंगळ्यांसारख्या थेंबावर वाढत नाहीत बरं का. बऱ्याच जातींमध्ये अळीच्या पुढ्यात किड्याचा तुकडाच ठेवतात आणि ती तो खाते. लाल आग्या मुंग्यांमध्ये तर शेवटच्या टप्प्यातल्या अळ्या घट्ट प्रथिनं पचवतात आणि पातळ करून मोठ्यांना परत देतात, म्हणजे अळ्याच कॉलनीचं पचनसंस्थेचं काम करतात.

आता उलट बाजू पण सांगते, नाहीतर हे वाचून कोणीतरी रोज किडे घालेल. प्रथिनं जास्त झाली तर मुंग्या लवकर मरतात. ऑड्रे द्युसुतूर आणि स्टीफन सिम्पसन यांनी काळ्या बागमुंग्यांवर केलेला अभ्यास २०१२ मध्ये आला, त्यात प्रथिनं जास्त आणि साखर कमी असलेल्या आहारावर कामकरी मुंग्यांचं आयुष्य घटलं आणि कॉलन्या कोसळल्या. त्यांचाच २००९ चा अभ्यास आहे, त्यात कॉलनीत अळ्या आहेत की नाहीत यावर मुंग्या किती प्रथिनं आणायची ते बदलतात असं दिसलं. म्हणजे बाहेर फिरणाऱ्या मुंगीला स्वतःला भूक कशाची आहे यापेक्षा आत कोणाला काय हवंय हे कळत असतं. म्हणून सगळ्यात चांगला उपाय हाच की दोन्ही वेगवेगळं ठेवायचं आणि त्यांना निवडू द्यायचं. ही जी तीन खळग्यांची ताटली आहे ती याच कामाची आहे, आणि मी म्हणेन या किटमधली सगळ्यात हुशार वस्तू हीच, पण जेली विकण्याच्या नादात पुस्तिकेत तिचा फोटोही धड नाही.

आमचं आता असं चालतं. एका खळग्यात साखरपाणी, एक चमचा साखरेला चार चमचे पाणी, कापसाच्या छोट्या बोळ्यात भिजवून, हे नेहमी असतं, दोन-तीन दिवसांनी बदलते नाहीतर आंबतं. दुसऱ्यात आठवड्यातून दोनदा किड्याचा तुकडा. अळ्या जास्त असल्या तर तीनदा, आणि थंडीत राणी अंडी घालायची थांबली की जवळजवळ बंद. तिसऱ्यात साधं पाणी. उरलेला तुकडा चोवीस तासांत काढायचाच, बुरशी धरते. किडा नसला तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, मीठ न घालता, मोहरीएवढा. जेली अजूनही वापरते, गोड म्हणून, चार दिवस बाहेर जायचं असलं तर, कारण ती सुकत नाही. त्या कामाला ती खरोखर चांगली आहे. 'गोड जेली' म्हणून विकली असती तर मी जेलीसाठी स्टार कापलेच नसते.

लिक्विड फीडरबद्दल मात्र माझी ठाम तक्रार आहे. उलटी बाटली, खाली खाच, त्यात द्रव साठतो. कल्पना बरोबर आहे पण खाच फार खोल आणि खोलीचं तापमान वाढलं की आतली हवा फुगून द्रव बाहेर येतो. एका दुपारी तीन मुंग्या बुडाल्या. चौदा-पंधराच्या कॉलनीत तीन म्हणजे किती ते तुम्हीच बघा. बाकीच्यांनी त्यानंतर काय केलं ते सांगण्यासारखं आहे, त्यांनी वाळूचे कण, कोषाची सालं, जुन्या किड्याचे पाय असं सगळं आणून त्या डबक्यात टाकलं, आणि संध्याकाळपर्यंत त्याचा चिखल झाला ज्यावर उभं राहून चाटता येत होतं. हे बऱ्याच जातींमध्ये दिसतं. ॲफिनोगॅस्टर नावाच्या मुंग्या तर पातळ अन्नात मुद्दाम मातीचे कण आणि पानांचे तुकडे टाकतात, ते भिजले की उचलून घरी नेतात, कारण त्यांचं साठवणीचं पोट मुंगळ्यांसारखं फारसं ताणत नाही. मुंग्या अवजारं वापरतात त्याचं हे नेहमी दिलं जाणारं उदाहरण. तर फीडरच्या खाचेत कापूस कोंबा, नाहीतर वापरू नका. कंपनीने खाच अर्धी उथळ केली तरी प्रश्न सुटेल.

अजून एक गोष्ट बघायला मिळते ती पुस्तिकेत असायला हवी होती. खाऊन झालं की मुंगळी पाय पुसते, मिश्या पुसते आणि मग वाकून पोटाचं मागचं टोक थेट तोंडाशी नेते. मुलाने विचारलं काय करतेय, मलाही माहीत नव्हतं. त्या टोकातून फॉर्मिक ॲसिड येतं, शत्रूवर फवारायचं तेच, आणि ती ते थोडंसं गिळते. २०२० मध्ये यावर संशोधन आलंय, पोटातलं साठवलेलं अन्न त्यामुळे आम्लयुक्त होतं आणि त्यातले रोगजंतू मरतात. सगळ्यांना वाटायचं अन्न ते, खराब निघालं तर सगळ्याच आजारी पडतील, म्हणून हे. आता मुलगा जेवून हात धुताना त्याची आठवण काढतो.

किट कोणत्या जातीसाठी घ्यायचं यावर विक्रेत्याच्या पानावर 'सर्व मुंग्यांसाठी' लिहिलंय, तर तसं नाही, आणि कारण परत खाणंच. मुंगळे, बागमुंग्या अशा गोड आणि किडे दोन्ही खाणाऱ्यांसाठी उत्तम. मोकळ्यात या मुंग्यांचं गोड बहुतेक मावा किडीकडून येतं, झाडाचा रस पिऊन मावा जो चिकट गोड द्रव सोडतो तो त्या मिश्यांनी थोपटून घेतात आणि बदल्यात माव्याला लेडीबर्ड वगैरे शत्रूंपासून राखतात, म्हणून त्यांना आपलं साखरपाणी चालतं. पण मेसॉरसारख्या दाणे गोळा करणाऱ्या मुंग्या ठेवणार असाल तर त्यांना बिया लागतात आणि बियांसाठी कोरडं कोठार लागतं. त्या दाणे सोलून, चावून, लाळेत कालवून त्याचा लगदा करतात, त्याला पाळणारे लोक मुंग्यांचा पाव म्हणतात. या घरट्यात कोरड्या खोल्या आहेत पण लहान आहेत, कोठार भरलं की ओलावा सरकतो आणि बियांना मोड येतात. आणि पानं कापणाऱ्या मुंग्यांचा तर विचारच नको. त्या पानं खात नाहीतच, पानांवर बुरशीची शेती करतात आणि ती बुरशी अळ्यांना भरवतात, त्या बागेला लागणारी जागा, दमटपणा आणि हवा या डब्यात होणार नाही.

ज्यांनी आधी निळ्या पारदर्शक जेलचा डबा बघितलाय, ज्यात मुंग्या जेल पोखरून बोगदे करतात आणि तेच खातात, त्यांनी तुलना विचारली होती म्हणून. त्या जेलची कल्पना अंतराळात मुंग्या पाठवायच्या प्रयोगातून आली, २००३ मध्ये कोलंबिया यानातून शाळकरी मुलांच्या प्रयोगातल्या मुंग्या गेल्या होत्या. थोड्या दिवसांच्या प्रवासासाठी घर, पाणी आणि खाणं एकातच असणं हे अगदी योग्य आहे. पण तोच डबा कायमचं घर म्हणून विकला की तीच अडचण, प्रथिनं नाहीत, राणी नाही, अळ्या नाहीत, आणि त्यामुळे एकमेकींना भरवण्याचं जे खरं कारण असतं तेच दिसत नाही. त्याआधी १९५६ पासून अमेरिकेत वाळूचे चपटे डबे मुलांसाठी विकले जातात, त्यातही नुसत्या कामकरी मुंग्याच. या किटमध्ये राणीसकट कॉलनी वर्षानुवर्षं राहू शकते आणि हा फरक फार मोठा आहे. जॉन लबॉक या इंग्रज अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात काचेच्या पट्ट्यांमध्ये मुंग्या पाळल्या होत्या, त्यांच्याकडची एक राणी जवळजवळ १५ वर्षं जगली. म्हणजे घेताना हा विचार करून घ्या, मुलगा कॉलेजात जाईल तरी ही राणी असू शकेल आणि आठवड्यातून दोनदा किडा कोणालातरी कापावाच लागेल.

सध्या आमच्याकडे साठच्या आसपास मुंग्या आहेत. गेल्या रविवारी एका जरा मोठ्या कोषाभोवती तीन मुंग्या जमल्या होत्या, कोष कुरतडून उघडायला मदत करत होत्या, कारण आतल्या मुंगीला स्वतः बाहेर येता येत नाही. बाहेर आली ती मोठ्या डोक्याची, आमच्याकडची पहिली शिपाई. अंगाने फिकट, पाय अजून वळत नव्हते, आणि पहिल्या पाच मिनिटांतच एक बुटकी जुनी मुंगी, त्या पहिल्या चौदांपैकीच असणार, तिच्या तोंडाशी गेली आणि तिला भरवलं.

फीडरच्या खाचेचा फोटो विक्रेत्याला पाठवलाय, बदलून दिलं तर इथेच लिहीन आणि अर्धा स्टार वाढवीन.